कुटुंब नियोजन, सरकारी धोरण आणि घरचा हिशेब : नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

हे पान दोन प्रकारच्या लोकांसाठी आहे. एक, ज्यांना लोकसंख्येचं धोरण आणि देशाची कमाई यांचा संबंध समजून घ्यायचा आहे. दुसरे, ज्यांना उद्या सकाळी डागा दवाखान्यात जायचं आहे आणि सोबत काय न्यायचं तेवढंच हवं आहे. दुसऱ्यांनी निम्मं पान सोडून खाली गेलं तरी चालेल.

महाराष्ट्रात आता एका बाईला सरासरी दोन मुलंही होत नाहीत. मग कुटुंब नियोजनाची गरज काय उरली?

आकडा बरोबर आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ आला आणि देशाचा २.०. लोकसंख्या स्थिर राहायला साधारण २.१ लागतो. म्हणजे ‘फार मुलं होतात’ हा आपल्याकडचा प्रश्न बराच मागे पडला आहे.

शिल्लक राहिलेला प्रश्न वेगळा आहे. आपल्याकडे कुटुंब नियोजन म्हटलं की डोळ्यांसमोर एकच गोष्ट येते : बाईचं ऑपरेशन. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या जवळजवळ निम्म्या विवाहित स्त्रियांचं ऑपरेशन झालेलं होतं, आणि पुरुष नसबंदी शंभरात एकही भरत नव्हती. ठरलेला क्रम असा : एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी लग्न, लगेच पहिलं बाळ, दीड-दोन वर्षांत दुसरं, आणि पंचविशीच्या आसपास ऑपरेशन. संख्या दोनच राहिली, सरकारी तक्ता खूश. पण शिकायची, कमवायची, अंगात रक्त भरून यायची बाईची सगळी वर्षं त्या सहा वर्षांतच संपली. आर्थिक फायद्याचा मोठा भाग ‘किती मुलं’ यात असतो तसा ‘कधी आणि किती अंतराने’ यातही असतो, आणि हा दुसरा भाग आपण अजून पुरता पदरात पाडून घेतलेला नाही.

मुलं कमी झाली की देश श्रीमंत होतो, असं म्हणतात. नेमकं कसं?

आपोआप होत नाही, हे आधी सांगून टाकू. पण तीन वाटांनी मदत होते.

पहिली वाट साध्या गणिताची. समजा एका देशात एक रुपयाचं वार्षिक उत्पादन काढायला चार रुपयांचं भांडवल लागतं : रस्ते, यंत्रं, वर्गखोल्या, विहिरी, वीजवाहिन्या. लोकसंख्या वर्षाला २ टक्क्यांनी वाढत असेल, तर माणशी भांडवल आहे तेवढंच टिकवायला राष्ट्रीय उत्पन्नाच्या ८ टक्के रक्कम नव्याने गुंतवावी लागते. वाढ १ टक्क्यावर आली की हेच काम ४ टक्क्यांत भागतं. उरलेले ४ टक्के आहे त्या शाळेत प्रयोगशाळा उभी करायला, आहे त्या दवाखान्यात एक्स-रे बसवायला मोकळे होतात. १९६१ ते १९७१ या दशकात भारताची लोकसंख्या २४.८ टक्क्यांनी वाढली, २००१ ते २०११ मध्ये १७.७ टक्क्यांनी. फरक दिसायला लहान दिसतो, पण दरवर्षीच्या अर्थसंकल्पात तो वजनदार असतो.

दुसरी वाट कमावणारे आणि खाणारे यांच्या प्रमाणाची. १९७१ साली देशात शंभरातले सुमारे ४२ जण पंधरा वर्षांखालचे होते. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात ते २६.५ वर आले. म्हणजे कमावत्या वयाच्या माणसांचा वाटा वाढला. यालाच लोकसंख्येचा लाभांश म्हणतात. पूर्व आशियातल्या देशांनी १९६५ ते १९९० या काळात जी झेप घेतली, तिचा साधारण एक तृतीयांश भाग वयरचनेतल्या या बदलाने समजावता येतो, असा अर्थशास्त्रज्ञांचा अंदाज आहे. उरलेले दोन तृतीयांश शाळा, कारखाने, निर्यात आणि जमीन सुधारणांचे. लोक नेमके हेच विसरतात.

तिसरी वाट बाईच्या हातातून जाते, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच. बांगलादेशात मतलब नावाचा भाग आहे. तिथे १९७७ पासून काही गावांत आरोग्य कार्यकर्त्या घरोघरी गर्भनिरोधकं पोचवू लागल्या, शेजारच्या गावांत नेहमीचीच सरकारी सोय राहिली. पुढे दोन्हींची तुलना केली तेव्हा पहिल्या गावांत जन्मांचं प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी कमी निघालं आणि तिथल्या स्त्रियांची तब्येत व कमाई सरस निघाली. तिथे ना कोणावर सक्ती होती, ना दंड, ना निवडणुकीची अट. दारापर्यंत साधन आलं आणि सोबत विचारायला एक ओळखीची बाई आली, एवढंच.

हे देशाचं झालं. आमच्या घरात काय फरक पडतो?

एक हिशेब मांडून दाखवतो. आकडे मानलेले आहेत, तुमचे घालून बघा.

हिंगणा एमआयडीसीत काम करणाऱ्याचा पगार २४,००० रुपये धरा. घरात चार माणसं असतील तर माणशी महिना ६,००० येतात, सहा असतील तर ४,०००. हे सगळ्यांना कळतं. पुढचं कमी लोक मोजतात. तीन वर्षांच्या अंतराने दोन मुलं झाली, तर घरात तीन वर्षांखालचं मूल असण्याचा काळ सहा वर्षांचा. दोन-दोन वर्षांच्या अंतराने चार झाली, तर तोच काळ नऊ वर्षांचा. बाई बाहेर काम करून महिना ८,००० कमवू शकत असेल, तर त्या जादा तीन वर्षांत २,८८,००० रुपये घरात यायचे राहिले.

पहिलं मूल एकोणिसाव्याऐवजी तेविसाव्या वर्षी झालं तर? मधल्या चार वर्षांत तीन वर्षांचा जीएनएम नर्सिंगचा कोर्स पुरा होऊन वर नोकरीचं एक वर्ष उरतं. आयुष्यभराच्या पगाराची पायरीच बदलते. दोन मुलं दोन्ही घरांत, पण एका घरात नर्सचा पगार आहे आणि दुसऱ्यात नाही.

शेतीवाल्यांसाठी हिशेब आणखी सरळ : सहा एकर कापसाची जमीन दोन अपत्यांत तीन-तीन एकर होते, चारांत दीड-दीड. त्यात २००५ नंतर मुलींचाही वाटा बरोबरीचा आहे, तेव्हा ‘मुलगेच धरून’ हिशेब करणाऱ्यांनी तो परत करावा.

मग लोकसंख्या अजून वाढतेच कशी आहे?

चालत्या गाडीला ब्रेक मारला तरी ती थोडी पुढे जाते, तसं. तीस वर्षांपूर्वी जास्त मुलं जन्मली, ती आज आई-बाप होण्याच्या वयात आहेत. प्रत्येक जोडप्याला दोनच मुलं झाली तरी जोडपीच जास्त असल्यामुळे जन्म मृत्यूंपेक्षा जास्त होतात. कोणताही कायदा करून ही वाढ ताबडतोब थांबवता येत नाही. मात्र पहिलं मूल पुढे ढकललं तर वाढीचा वेग कमी होतो. घूमफिरके आपण परत त्याच मुद्द्यावर येतो.

लाभांशाची ही संधी किती वर्षं आहे?

दार उघडं आहे, पण बंद होण्याच्या दिशेने सरकत आहे. २०२२ मध्ये देशात साठीच्या वरचे शंभरात साधारण दहा होते. २०५० पर्यंत ते वीसच्या पुढे जातील. महाराष्ट्राचा जननदर देशापेक्षा आधी खाली आला, म्हणून आपलं दार आधी बंद होईल. या काळात तरुणांना काम मिळालं नाही, तर लाभांशाच्या जागी बेकारांची रांग मिळेल. मिहान आणि बुटीबोरीत किती कारखाने आले हा प्रश्न म्हणून कुटुंब नियोजनाच्या पानावरही लागू पडतो. आणि त्या कारखान्यांत बायकांना पाळणाघर आहे का, रात्रपाळीला गाडी आहे का, हाही.

चीनसारखा कडक कायदा का करत नाहीत?

चीनने १९८० च्या सुमारास एक मूल धोरण आणलं, २०१६ पासून दोन मुलांना परवानगी दिली, २०२१ मध्ये तीन. आणि २०२२ पासून त्यांची लोकसंख्या घटायला लागली. आता ते जोडप्यांना मुलं व्हावीत म्हणून पैसे देत आहेत. केरळने कुठलाही दंड न लावता १९८० च्या दशकाच्या अखेरीस २.१ गाठलं : मुलींची शाळा, जवळ दवाखाना, बालमृत्यू कमी. मूल जगेल याची खात्री पटली की माणूस ‘एखादं जास्त असू द्या’ म्हणत नाही.

आपल्याकडे सक्तीचा प्रयोग होऊन गेला आहे. १९५२ साली सरकारी कुटुंब नियोजन कार्यक्रम सुरू करणाऱ्या जगातल्या पहिल्या देशांत भारत होता. १९७४ मध्ये बुखारेस्टच्या जागतिक परिषदेत आपले आरोग्यमंत्री करण सिंह यांनी ‘विकास हेच उत्तम गर्भनिरोधक’ असं सांगितलं. दोनच वर्षांत आणीबाणीतलं लोकसंख्या धोरण त्यांच्याच नावाने आलं. १९७६-७७ या एका वर्षात सुमारे ८२ लाख नसबंद्या झाल्या, त्यांतल्या तीन चतुर्थांशांच्या आसपास पुरुषांच्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं, पण राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आलं नाही. परिणाम काय झाला? पुरुष नसबंदी या शब्दाची धास्ती बसली ती बसलीच, आणि सगळा भार बायकांच्या पोटावर आला. पन्नास वर्षं होत आली, अजून तो तिथेच आहे. आर्थिक भाषेत बोलायचं तर सक्तीचा हा सगळ्यात महाग पडलेला खर्च.

‘आपण मुलं कमी केली म्हणून आपल्याला खासदार कमी, निधी कमी’ हे खरं का?

निम्मं खरं. लोकसभेच्या जागांची राज्यवार वाटणी १९७१ च्या जनगणनेवर गोठवलेली आहे, ती यासाठीच की लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांना शिक्षा होऊ नये. २००१ च्या ८४ व्या घटनादुरुस्तीने हा बांध २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवला. पैशांच्या बाजूने, केंद्राचा कर राज्यांत कसा वाटायचा ते सुचवणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाने २०११ ची लोकसंख्या धरली, पण जननदर खाली आणणाऱ्या राज्यांसाठी १२.५ टक्के वेगळा भारांक ठेवला. वाद पुढे पेटणार आहे, यात शंका नाही.

नागपुरात फुकट काय काय मिळतं आणि कुठे?

शहरात डागा स्मृती शासकीय स्त्री रुग्णालय (गांधीबाग), मेडिकल आणि मेयो ही दोन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं, आणि महापालिकेची नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रं. ग्रामीण भागात उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि तालुक्याचं सरकारी रुग्णालय. सुरुवात आशाताईंपासून करा, त्यांना कोणत्या दिवशी कुठे डॉक्टर असतात ते तोंडपाठ असतं.

मिळणाऱ्या गोष्टी : निरोध, रोजची गोळी माला-एन, आठवड्याची गोळी छाया, तीन महिन्यांचं इंजेक्शन अंतरा, तांबी, तातडीची गोळी, आणि दोघांपैकी कोणाचंही ऑपरेशन. यातलं फक्त शेवटचं कायमचं आहे. नर्सबाईंनी तुम्हाला एकच साधन सुचवलं तर ‘बाकीची पण सांगा’ म्हणा. सगळी माहिती घेऊन निवड करणं हा तुमचा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे.

तांबी आत हरवते, वर चढते, असं सासूबाई म्हणतात.

तांबी गर्भाशयात बसते आणि तिथून छातीपर्यंत जायला रस्ता नसतो. खरे त्रास दोन. पहिले तीन ते सहा महिने पाळी जास्त जाते आणि पोटात कळा येतात. ज्यांचं हिमोग्लोबिन आधीच कमी, त्यांना हे झेपत नाही, म्हणून बसवण्याआधी रक्त तपासून घ्या आणि लोहाच्या गोळ्या चालू ठेवा. दुसरा त्रास म्हणजे तांबी नकळत बाहेर पडणे. हे बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत, पाळीच्या वेळी होतं, आणि बाळंतपणानंतर लगेच बसवलेली तांबी पडण्याची शक्यता थोडी जास्त असते. पाळी संपल्यावर स्वच्छ हातांनी तांबीचा दोरा लागतो का ते बघायचं. लागला नाही, नेहमीपेक्षा लांब लागला किंवा टोक टोचलं तर दवाखाना.

३८०-ए ही तांबी दहा वर्षं चालते, ३७५ ही पाच वर्षं. कोणती बसवली ते कार्डावर लिहून घ्या, कारण पाच वर्षांनी कोणालाच आठवत नाही आणि मग दहावाली समजून पाचवाली सात वर्षं राहते. बसवायची वेळ : बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत, नाहीतर सहा आठवडे थांबून. एरवी पाळी सुरू झाल्यापासून बारा दिवसांत. मूल हवं झालं की काढा, पुढच्याच महिन्यात दिवस राहू शकतात.

अंतरा आणि छाया यांत काय फरक? लोक मध्येच का सोडतात?

अंतरा हे इंजेक्शन, दर तीन महिन्यांनी. ठरलेल्या तारखेआधी दोन आठवडे किंवा नंतर चार आठवड्यांपर्यंत घेतलं तरी चालतं. टोचलेली जागा चोळायची नाही, शेकायची नाही. चोळलं की औषध लवकर शोषलं जातं आणि तीन महिने पुरत नाही. आपल्याकडे इंजेक्शनची जागा चोळून देणं म्हणजे माया, त्यामुळे हे बजावून सांगावं लागतं.

सोडण्याचं पहिलं कारण पाळी. आधी अधूनमधून डाग पडतात, मग बऱ्याच जणींची पाळी बंदच होते. ‘रक्त आत साठतं’ ही समजूत चुकीची आहे. अस्तरच पातळ राहतं, त्यामुळे बाहेर पडायला काही नसतं. हे आधी सांगितलं नाही, तर दुसऱ्या डोसला बाई येत नाही. आणखी एक : शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात. वर्षभरात मूल हवं असेल तर अंतरा घेऊ नका. अंगावर पाजणाऱ्या आईला सहा आठवड्यांनंतर चालतं.

छाया ही हार्मोन नसलेली गोळी, लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत तयार झालेली. घोळ तिच्या वेळापत्रकात होतो. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, म्हणजे पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी रविवारी घेतली तर पुढे रविवार आणि बुधवार. चौथ्या महिन्यापासून फक्त रविवार. अनेक जणी पहिल्या महिन्यातच एकदावर येतात, दिवस राहतात, आणि दोष गोळीला. कॅलेंडरवर वार गोल करून ठेवा. चुकली तर आठवताच घ्या आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरा. सात दिवस उलटले असतील तर पहिल्यापासून सुरुवात. पाळी लांबते, तो तिचा स्वभाव आहे. पण पंधरा दिवसांहून जास्त लांबली तर तपासणी करा.

माला-एन कोणी घेऊ नये?

पस्तिशीच्या पुढच्या तंबाखू-सिगारेटवाल्या, रक्तदाब असलेल्या, डोळ्यांपुढे चमका येऊन अर्धशिशी होणाऱ्या, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अंगावर पाजणाऱ्या बायकांनी. पाकिटात २८ गोळ्या : २१ गर्भनिरोधक, ७ लोहाच्या. लोहाच्या गोळ्या ‘उगीच’ म्हणून फेकू नका, त्याने मोजणी बिघडते आणि पुढचं पाकीट उशिरा सुरू होतं. लागोपाठ दोन गोळ्या चुकल्या तर सात दिवस निरोध.

तातडीची गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी उपयोगी. ती दर महिन्याचं साधन नाही.

बाईचं ऑपरेशन : अटी, तयारी, दिवसाचा क्रम?

वय २२ ते ४९, विवाहित, निदान एक मूल वर्षापेक्षा मोठं. हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल तर ऑपरेशन होत नाही. टाक्याचं म्हणजे मिनिलॅप बाळंतपणानंतर सात दिवसांत होऊ शकतं. दुर्बिणीचं मात्र सहा आठवडे उलटल्याशिवाय नाही. एरवी पाळी सुरू झाल्यापासून सात दिवसांत सगळ्यात सोयीचं, कारण तेव्हा पोटात गर्भ नाही याची खात्री असते.

सोबत आधार कार्ड, स्वतःच्या नावाचं बँक पासबुक, शिधापत्रिका, असल्यास जातीचा दाखला. नवऱ्याचं पासबुक आणलं की पैसे अडकतात, ही नेहमीची चूक. रात्रीपासून उपाशी यायचं, बांगड्या-मंगळसूत्र घरी ठेवायचं, सोबत एक माणूस हवा. आधी तपासणी, लघवी आणि रक्त, मग संमतीपत्र. ते वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवा म्हणा. त्यात ‘हे कायमचं आहे’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं.

टाके सातव्या दिवशी. आठवडाभर जड उचलायचं नाही : पाण्याचा हंडा नाही, कापसाचं गाठोडं नाही. ताप, जखमेतून पू, पोट फुगणे, सतत ओकाऱ्या, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता त्याच दवाखान्यात परत.

नवऱ्याची सही लागते का?

नाही. ज्याचं ऑपरेशन, त्याचीच संमती. कोणी मागितली तर ती घरगुती रीत आहे, नियम नव्हे.

शिबिरात केलेलं बरं की दवाखान्यात?

दवाखान्यात, ठरलेल्या दिवशी. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या शिबिरात एका सर्जनने काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं केली आणि त्यानंतर तेरा जणी दगावल्या. १४ सप्टेंबर २०१६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांत शिबिरपद्धत बंद करायला सांगितलं. कारण उघड आहे : दुर्बीण एका बाईच्या पोटातून काढून पुढचीच्या पोटात घालण्याआधी ती निर्जंतुक व्हायला वेळ लागतो, आणि रांग लांब असली की पहिला बळी त्या वेळेचा जातो. म्हणून एका चमूला तीन दुर्बिणी असल्या तरी दिवसाला तीसच्या वर ऑपरेशनं करता येत नाहीत.

आपल्याकडची गर्दी हिवाळ्यात आणि मार्चमध्ये असते. हिवाळ्यात, कारण नागपूरच्या उन्हाळ्यात जखम चिघळते असा समज आहे (स्वच्छता असेल तर कुठल्याही ऋतूत चालतं). मार्चमध्ये, कारण सरकारी वर्ष संपतं आणि आकडे पुरे करायचे असतात. १९९६ मध्ये वरून येणारी उद्दिष्टं कागदावर रद्द झाली. कागदावर. जमलं तर मार्च टाळा.

पुरुष नसबंदीने कमजोरी येते का?

नाही. पुरुषी हार्मोन अंडकोषातून थेट रक्तात जातं, कापलेल्या नळीतून नव्हे. त्या नळीतून फक्त शुक्रजंतू जातात, आणि वीर्यात त्यांचा वाटा अगदी किरकोळ. त्यामुळे ताठरता, वीर्याचं प्रमाण, जोर, काहीच बदलत नाही.

बिनटाक्याची नसबंदी म्हणजे जागा बधिर करून एक छोटं छिद्र, दहा-पंधरा मिनिटांचं काम, अर्ध्या तासाने घरी. दोन दिवस विश्रांती, घट्ट लंगोट किंवा आतला सपोर्ट, आठवडाभर सायकल आणि पोती उचलणं बंद. पोट उघडावं लागत नाही, म्हणून बाईच्या ऑपरेशनपेक्षा हे सोपं, सुरक्षित आणि कमी खर्चाचं. तरी नवऱ्याऐवजी बाईलाच टेबलावर चढवलं जातं. ‘तो कमावता आहे’ हे कारण देतात. ती पण कमावती आहे बाप्पा, आणि तिला आठवडा लागतो, त्याला दोन दिवस.

एक चूक मात्र बऱ्याच फसलेल्या नसबंद्यांमागे असते. कापलेल्या जागेच्या पुढे शुक्रजंतू आधीपासून साठलेले असतात. ते संपायला तीन महिने लागतात. या तीन महिन्यांत निरोध वापरायचाच, आणि मग वीर्य तपासून शून्य आल्यावरच दाखला घ्यायचा. तपासणीला परत न येणारे खूप. मग दिवस राहतात आणि बिचाऱ्या बायकोवर संशय येतो. पुरुषाची अट : विवाहित, साठीच्या आत, एक मूल वर्षापेक्षा मोठं. २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर हा पुरुष नसबंदी पंधरवडा असतो, तेव्हा सर्जन हमखास मिळतो.

पैसे किती मिळतात?

महाराष्ट्रासाठी केंद्राचा दर : पुरुषाला १,१०० रुपये. बाईला दारिद्र्यरेषेखालील, अनुसूचित जाती किंवा जमातीतली असेल तर ६००, इतरांना २५०. हे बुडालेल्या मजुरीची भरपाई म्हणून आहेत, बक्षीस म्हणून नाहीत. या रकमेसाठी निर्णय घेऊ नका.

ऑपरेशन होऊनही दिवस राहिले तर?

होऊ शकतं. बाईच्या ऑपरेशनमध्ये पहिल्या वर्षी हजारात साधारण पाच. पाळी चुकली की दोन आठवड्यांत तपासा, कारण अशा वेळी गर्भ नळीत राहण्याचा धोका असतो. गर्भपात करायचा असेल तर साधन फसल्याचं कारण कायद्यात मान्य आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ते अविवाहित स्त्रीलाही लागू आहे. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं.

भरपाईसाठी कुटुंब नियोजन नुकसानभरपाई योजना आहे. फसल्याचं कळल्यापासून ९० दिवसांत अर्ज करा. लागतं : संमतीपत्राची प्रत, नसबंदीचा दाखला, गर्भ असल्याचा सोनोग्राफी अहवाल. दाखला नसेल तर दावा अडतो. बाईला तो ऑपरेशननंतरच्या पहिल्या पाळीनंतर किंवा महिन्याने मिळतो. तो घ्यायला कोणी जात नाही, ही आमची सगळ्यात मोठी तक्रार आहे. जा, घ्या, आणि घराच्या कागदांत ठेवा.

तिसरं मूल झालं तर सरपंचपद, नोकरी जाते का?

ग्रामपंचायतीत १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या मुलामुळे अपत्यसंख्या दोनच्या वर गेली तर सदस्यत्वाला अपात्रता येते. मूल दत्तक देऊनही ती टळत नाही. राज्य सरकारच्या नोकरीत भरतीसाठी छोट्या कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र लागतं, त्याचे नियम २८ मार्च २००५ पासून लागू झाले. दुसऱ्या खेपेला जुळं झालं तर ते एकच धरतात. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये हरियाणाच्या प्रकरणात अशी अट वैध ठरवली.

वैध आहे, पण शहाणपणाची आहे का? या अटीने जननदर खाली आल्याचं दाखवणं अवघड आहे. तो तसाही उतरत होता. उलट निवडणुकीआधी बायकोला माहेरी पाठवणं, मूल लपवणं, मुलगी असेल तर पाडणं, असे मार्ग निघाले.

दोन मुलीच आहेत. मुलासाठी थांबावं का?

तुमचा निर्णय. फक्त दोन गोष्टी जाणून घ्या. गर्भाचं लिंग तपासणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तपासून मुलीचा गर्भ पाडणाऱ्यांमुळेच राज्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली २००१ मधल्या ९१३ वरून २०११ मध्ये ८९४ वर आल्या. दुसरं, पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल आणि मुलगी १ एप्रिल २०२३ नंतर जन्मली असेल तर ‘लेक लाडकी’ योजनेत अठराव्या वर्षापर्यंत टप्प्याटप्प्याने १,०१,००० रुपये मिळतात : जन्माला ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,०००, अठरा पूर्ण झाल्यावर ७५,०००. पुढच्या हप्त्यांना आई किंवा वडिलांच्या नसबंदीचा दाखला जोडावा लागतो. तोच, जो घ्यायला कोणी जात नाही.

लग्नाला दोन महिने झाले. दोन-तीन वर्षं मूल नको. दवाखान्यात गेलं तर लोक काय म्हणतील?

आशाताई निरोध आणि गोळ्या घरी आणून देतात, रांगेत उभं राहायची गरज नाही. नव्या जोडप्याला निरोध, छाया किंवा माला-एन सोयीचं. तांबीही चालते, मूल झालेलं नसलं तरी. अंतरा टाळा, कारण मूल हवं असताना ते थांबायला लावतं. रक्त तपासा, हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर ही दोन वर्षं ते वाढवायला वापरा. आणि पहिल्या भेटीला नवऱ्याला सोबत न्या. निरोधचं पाकीट त्याच्याच खिशात राहणार आहे.